कच्चा लेप

जीभ वरच्या पुढच्या दोन दातांवरून जरा फिरवून पाहा. लागले दोन्ही दात? आता अशी कल्पना करा, की त्या दोघांच्या मधे एक फट आहे, जिभेचं टोक अलगद शिरेल एवढी. शिवाय तुम्ही एका उंच खुर्चीत जवळजवळ आडवे झाला आहात, गळ्यात कागदी रुमाल अडकवलाय आणि तोंडावर दिवा आहे. झालं? म्हणजे त्या सकाळी ठकी कुठे होती आणि कशी होती, ते मला निराळं सांगायला नको.

दवाखान्यात तिघीच होत्या. खुर्चीत ठकी, शेजारच्या स्टुलावर तिची आई आणि हातमोजे चढवणाऱ्या दातांच्या डॉक्टर.

"आजच्या आज बुजवा," आई म्हणाली. बोलताना तिनं डावा हात तोंडासमोर धरला होता. "उद्या वर्गाचा फोटो आहे. मुलं हिला खिडकी म्हणतात. तेव्हापासून पोरगी हसताना तोंडावर हात ठेवायला लागलीय. मला नाही बघवत ते."

"खिडकी लाव गं, वारा येतोय, असं पण म्हणतात," ठकीनं माहिती पुरवली. तीही हाताआडूनच.

डॉक्टरांनी तिचा हात हळूच बाजूला केला, तोंडात आरसा फिरवला, वरच्या हिरडीवर दोन्हीकडे बोटानं दाबून पाहिलं. मग कापसाच्या दोन सुरळ्या ट्रेमध्ये उभ्या केल्या, मधे जागा सोडून.

"हे तुझे दोन दात. यांना तार लावून हळूहळू जवळ ओढता येतं. वेळ लागतो, आणि नंतर पुन्हा लांब पळू नयेत म्हणून धरूनही ठेवावं लागतं. नाहीतर दाताच्याच रंगाचा लेप लावून दोघांना थोडं थोडं रुंद करायचं. फट भरते. मोठ्या माणसांना वरून कवच बसवतात, पण तुझ्या वयाला ते नको."

"आणि?" ठकीनं विचारलं.

"आणि थांबायचं." डॉक्टरांनी आणखी दोन सुरळ्या घेतल्या. "तुझे पक्के सुळे अजून वर हिरडीतच आहेत. माझ्या बोटाला लागले आत्ता. बाक भरलेला असताना उशिरा आलेली पोरं काय करतात?"

"सरक, सरक करत घुसतात."

"हे पण तेच करतात." दोन्हीकडून सुरळ्या आत ढकलल्या गेल्या. मधली जागा मिटली. "पुष्कळ मुलांची फट अशी आपली आपण जाते. सगळ्यांची नाही. नाही गेली, तर तार आणि लेप आहेतच की."

"अहो, पण तोवर हिनं काय तोंड झाकून फिरायचं?" आई म्हणाली. तिचा हात अजून तोंडासमोरच होता.

डॉक्टर क्षणभर त्या हाताकडे बघत राहिल्या.

"कच्चा लेप लावून बघूया," त्या म्हणाल्या. "खाली चिकटवायचं औषध नाही लावायचं, नुसता बसवायचा. नखानं निघतो. कसं दिसतं ते बघा, मग ठरवा दोघी मिळून."

त्यांनी मऊ लेपाचा इवलासा गोळा फटीत बसवला, पातळ पट्टीनं त्याला आकार दिला आणि निळ्या दिव्यानं कडक केला. खुर्ची सरळ झाली. ठकीच्या हातात आरसा आला.

आरशात एक दुसरीच मुलगी होती. छान होती. ठकीनं तिला दात दाखवले, तिनंही दाखवले. फट कुठेच नव्हती.

"अगंबाई! बघ तरी कशी दिसतेस!" आई खुदकन हसली, आणि हसता हसता तिचा हात वर गेला.

आरशाच्या कोपऱ्यात तो हात दिसत होता. ठकी त्याच्याकडे बघत राहिली. रोजचाच हात. जेवताना, शेजारणीशी बोलताना, फोटोत.

"डॉक्टरमावशी, आईचे सुळे आलेत ना?"

"केव्हाच."

"मग तिची फट का नाही गेली?"

"काहींची राहते, बाळा. त्यानं काही बिघडत नाही. नीट घासायचे दात, झालं. आणि मिटवायचीच असेल, तर मोठ्यांचीही मिटवता येते."

"माझी कसली मिटवताय आता!" आई म्हणाली. "माझं झालं वय. हिचं वेळेवर व्हावं."

"आई, तुला पण खिडकी म्हणायचे?"

आईनं मांडीवरच्या आपल्या रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"मला फाटक म्हणायचे," ती बोटांआडून म्हणाली.

ठकीच्या पोटातून जे हसू आलं, ते काही केल्या आवरेना. आईलाही फुटलं. खुर्ची हलायला लागली, आणि टप्कन तो कच्चा लेप निसटून कागदी रुमालावर पडला. तांदळाच्या कणीएवढा.

डॉक्टरांनी तो चिमट्यात उचलून धरला. "काय, पुन्हा बसवू?"

ठकीचा हात तोंडाकडे निघालाच होता. अर्ध्या वाटेत तो थांबला, बाजूला वळला आणि त्यानं आईचं मनगट पकडलं. खाली ओढून खुर्चीच्या दांडीवर आणलं आणि तिथंच घट्ट दाबून ठेवलं. दुसऱ्या हातात आरसा होता, पण त्यात दोघी मावत नव्हत्या.

"सरक, सरक," ठकी म्हणाली, आणि आपला गाल आईच्या गालावर दाबत राहिली, आरशात दोघींची तोंडं मावेपर्यंत.