पिंपावरचा घोडेस्वार

"कुणाला खरं वाटायचं नाही," डेल्मरने सुरुवात केली. नॅशव्हिलच्या वृद्धाश्रमातल्या टीव्हीवर त्याने तरुणपणी केलेला, कंट्री गाण्यांचा स्वस्तातला सिनेमा लागला होता; पडद्यावर एक तरुण घोड्यावर बसून गात होता आणि शेजारी त्याची बायको ओपल मक्याचा पाव कुरतडत बसली होती. "तो घोडा नाही, पिंप आहे. खाली दोन गडी बसून हलवत होते. एकाला शिंक आली आणि पिंप उधळलं, ते थेट अलाबामात थांबलं."

ओपल खुदकन हसली. "उधळलं असेल हो."

धीर करून तो म्हणाला, "आणि वर बसून गातोय ना, तो मी."



ओपलचं हसू मावळलं. "आजोबा, पिंपापर्यंत सगळं खरं मानलं, पण ही थाप मारू नका. तो माझा डेल्मर आहे."