डाव्या वळणावरचा दिवा

जॅकवर चढवलेल्या शाळेच्या व्हॅनचं स्टेअरिंग मी पूर्ण डावीकडे वळवलं, तसा डॅशबोर्डवर ब्रेकच्या एबीएसचा दिवा पेटला. सरळ केलं, विझला.

जुना ड्रायव्हर दाजीबा हेच तीनदा सांगून गेला होता. "डावीकडं वळताना लागतोय. वायर बघ की जरा." मी न बघताच व्हॅनच्या मालकीणबाईंना कळवलं, "गाडी ठीक आहे. म्हाताऱ्याला भास होतात." महिन्याभरात डाव्याच वळणावर ब्रेक मारताना व्हॅन घसरून कठड्याला धडकली. पोरं वाचली. दाजीबाची नोकरी गेली.

आता नव्या ड्रायव्हरचीही तीच तक्रार. चाकामागं हात घातला. एबीएसच्या सेन्सरची वायर मीच शॉकअप बदलताना ताणून बांधली होती. ती आतून तुटली होती. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, वळणापुरती ढील सोडली. दिवा लागायचा थांबला.

"काय निघालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"उंदरानं वायर कुरतडली होती."

"तरीच. तो दाजीबा जेवणाचा डबा रोज सीटखाली ठेवायचा. त्यानंच आणले असतील उंदीर."

"हो," मी म्हणालो.