मधली भिंत

काउंटरवर तीन जागा मांडल्या होत्या. सासू भिंतीकडच्या खुर्चीवर बसली, सून मधलीवर. तिसऱ्या खुर्चीसमोर ठेवलेला गरम ओला रुमाल निवत चालला होता.

काउंटरपलीकडे आचारी लांब पात्याची सुरी पुसत उभा होता. इथली सुशी एकेक घास करून मिळायची आणि पुढ्यात आली की लगेच खायची असायची.

"तिसरे पाहुणे आले की सुरू करू?" त्याने विचारलं.

सुनेने मान डोलावली. मग सासूकडे न बघताच म्हणाली, "आई, तुम्हाला एक सांगायचंय. घरी धीर होईना."

"म्हणून एवढ्या थाटाच्या हॉटेलात आणलंस होय? अगं, दोन महिने झाले, फोन वाजला की गच्चीत पळतेस. गच्चीतलं सगळं माझ्या खिडकीत ऐकू येतं."

सून चपापली. "सगळं?"

"सगळं नाही. हसणं तेवढं."

तेवढ्यात तो आला. चाळिशीचा, घामाघूम, शर्टाच्या बाहीला काळं ग्रीस लागलेलं.

"माफ करा काकू, उशीर झाला. लिफ्टमध्ये अडकलो होतो."

"आमच्या इमारतीची लिफ्ट तुम्हीच दुरुस्त करता ना?"

"हो ना. म्हणूनच मदतीला कुणाला बोलवायची लाज वाटली."

सासूला हसू आलं. आज हसायचं नाही असं ती घरून ठरवून निघाली होती.

आचाऱ्याने ओल्या हाताने भाताचा इवलासा मुटका वळला, त्यावर माशाचा पातळ काप ठेवला आणि एकेक तिघांच्या पुढ्यात सरकवला. पाहुण्याच्या काड्यांतून पहिलाच घास निसटला. "हातानं खा, हातानंच खातात," आचारी म्हणाला. मग सासूनेही काड्या बाजूला ठेवल्या. मासा थंड होता, भात मात्र अंगाइतका कोमट. तोंडात घालताच विरला.

त्याने आपल्या ताटलीतलं आल्याचं लोणचं न विचारता सुनेच्या ताटलीत घातलं. तिनेही न बघता खाल्लं. सासूने ते पाहिलं आणि चहाचा पेला उचलून बराच वेळ तोंडाशी धरला.

सुनेचा फोन वाजला. ती काम करायची त्या दवाखान्यातून होता. "आलेच," म्हणून ती काचेच्या दाराबाहेर गेली.

दोघांमध्ये रिकामी खुर्ची राहिली. तो रुमालाची घडी घालत होता, मोडत होता.

"काकू, तुम्ही नको म्हणालात तर ती पुढं जाणार नाही. तसं स्पष्ट सांगितलंय तिनं मला."

"मी कशाला नको म्हणू? पस्तिशीची पोर आहे. माझ्याबरोबर म्हातारी व्हायला थोडीच आली होती आमच्या घरात?" ती थांबली. "पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. ती झोपेत बोलते."

"काय बोलते?"

"माझ्या मुलाला हाक मारते. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी. रोज नाही, कधीतरी आठवड्यातून एखादवेळी. तिचं तिला ठाऊक नाही. सकाळी विचारू नका तिला. आणि मनाला लावून घेऊ नका."

त्याने रुमाल बाजूला ठेवला. आचाऱ्याने पुढचा घास करायला घेतलेला हात आवरता घेतला.

"नाही लावून घेणार," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "तुम्हाला कसं ऐकू येतं?"

"आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, पातळ. मी जागीच असते."

बाहेर सुनेने फोन पर्समध्ये टाकला आणि दाराकडे वळली. सासू त्याच्याकडे किंचित झुकली.

"लग्नाची तारीख मात्र जरा लांबची धरा."

"का, काकू?"

"घरात माझ्या मुलाला हाक मारणारं आता दुसरं कुणी नाही."