नव्या भाषेतलं अ‍ॅप

जन्मांध अपूर्व रोज कामठीहून बसनं नागपूरला नोकरीवर यायचा. कोणता थांबा आला, ते मोबाइलमधलं बसचं अ‍ॅप त्याला बोलून सांगायचं. मग अ‍ॅपवाल्या कंपनीनं ते अ‍ॅप स्वतःच बनवलेल्या नव्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं, आणि फोन प्रत्येक थांब्याला त्याचं नाव सोडून नुसतं "बटण, बटण" म्हणू लागला. भलत्याच जागी उतरून ट्रकखाली जाता जाता वाचलेला अपूर्व काठी आपटत कंपनीच्या धरमपेठेतल्या ऑफिसात शिरला.

"जुन्या भाषेत चांगलं चालू होतं ना? मंग हे नवीन काहून काढलं गा?" तो ओरडला.

ती भाषा बनवणाऱ्या उन्मेषनं उत्साहानं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.



"सर, एकदा पहा तर खरं, स्क्रीन किती सुंदर दिसून राहिली!"