थोरला

फोन ठेवल्यावर ओस्मेल बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वळला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की खोलीत उपासनाही आहे.

“आई गेली,” तो म्हणाला. “सकाळीच. तिकडे गावी, कामाग्वेला वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मावशीचा आत्ता लागला.”

उपासना उठली. बाहेर मध्यंतराचा गलबला चालला होता आणि त्यातून लाझारोचं हसणं वेगळं ऐकू येत होतं. लाझारो हा ओस्मेलचा धाकटा भाऊ. बँडमध्ये तिघंच होती. ड्रम्सवर ओस्मेल, बेसवर लाझारो, पियानोवर ती. क्यूबा सोडल्यापासून ओस्मेलने दुसऱ्यांच्याच मागे बसून ड्रम्स वाजवले होते. हा त्याच्या नावाचा पहिला अल्बम. सिअ‍ॅटलमधला हा छोटा हॉल आजच्यापुरताच मिळाला होता, आणि समोर लोक बसवून रेकॉर्डिंग चाललं होतं.

“लाझारोला बोलावते,” ती म्हणाली.

“नको.” ओस्मेल दार अडवून उभा राहिला. “त्याची धून अजून व्हायचीय. आत्ता कळलं तर त्याच्याने वाजवणं होणार नाही. सगळं संपलं की मी सांगेन.”

शेवटची धून लाझारोने रचली होती, आईसाठी. परवाच त्याने ती फोनवर तिला गुणगुणून दाखवली होती.

“तिच्यासाठीची धून त्याच्याकडून वाजवून घेणार, आणि ती नाही हे त्याला सांगणार नाहीस?”

“मी थोरला आहे,” ओस्मेल म्हणाला. “ते माझ्यावर सोड.” त्याने बेसिनवर तोंड धुतलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि तो बाहेर गेला.

त्याच दारातून रवी कॉफी घेऊन आत आला. उपासनाचा भाऊ. बॉथेलहून तिला ड्राइव्ह करून तोच घेऊन आला होता.

“काय गं, चेहरा का असा? फर्स्ट हाफ मस्त झाला यार.”

“दादा, आजी गेली तेव्हा मला कळवू नका असं कोण म्हणालं होतं?”

रवी गोंधळला. “आता मध्येच हे काय? मीच म्हणालो होतो. तुझी फायनल चालू होती. आणि पेपर चांगला गेला ना?”

“गेला.”

“मग?”

तिने कॉफी तशीच ठेवून दिली. त्या पेपरात किती मार्क पडले ते तिला आठवत नव्हतं. ती नागपूरला पोचली तोवर आजीची खाट गच्चीवर नेऊन उभी करून ठेवली होती, ते मात्र आठवत होतं.

दुसरा भाग सुरू झाला. ओस्मेल तालमीत कधी वाजवलं नव्हतं इतक्या जोरात वाजवत होता. लोक खूश होते. लाझारोही खूश होता, भावाकडे बघून मान डोलवत होता. उपासनाची बोटं सरावाने चालत होती, पण लाझारोकडे बघण्याचं ती टाळत होती.

शेवटच्या धुनेआधी लाझारोने माइक ओढून घेतला. “ही माझ्या आईची,” तो म्हणाला. “अल्बम निघाला की पहिल्यांदा ती ऐकणार. तिला आवडला नाही, तर तुम्हाला मिळायचा नाही!”

लोक हसले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. हॉल शांत झाला.

सुरुवात एकट्या पियानोची होती. उपासनाने हात पट्ट्यांवर ठेवले, पण पट्टी दाबली नाही. कुणीतरी खोकलं. लाझारोने हसून भुवया उंचावल्या, कर की सुरू. काचेमागून रेकॉर्डिंगवाल्याने हात हलवला. पहिल्या रांगेत रवी पुढे सरकून बसला.

ती फक्त ओस्मेलकडे बघत होती. आधी त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. मग राग आला. ‘वाजव,’ त्याचे ओठ म्हणाले. तिने दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

ओस्मेलने काठ्या खाली ठेवल्या. उघड्या तळहाताने त्याने मोठ्या ड्रमवर दोन ठोके दिले. थांबला. मग एक. पुन्हा दोन. पुन्हा एक.

हा ठेका उपासनाने कधी ऐकला नव्हता. लाझारोने ऐकला होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच थिजलं, आणि हा ठेका त्यांच्याकडे कधी वाजवतात ते तिला समजलं. लाझारो भावाकडे बघत राहिला. ओस्मेल मान खाली घालून वाजवत होता. त्याने मान वर केली नाही.

लाझारोने बेसच्या मानेवर कपाळ टेकवलं. आता हा वाद्य ठेवून निघून जाईल, उपासनाला वाटलं. ओस्मेलचा अल्बम बुडाला, आणि तो आपण बुडवला.

मग लाझारोने सगळ्यात जाड तार छेडली. पुन्हा तीच छेडली. ठेक्याखाली ती तार घुमत राहिली, आणि तिच्यातून हळूहळू ती धून वर आली, तालमीतल्यापेक्षा कितीतरी सावकाश. उपासना सगळ्यांत शेवटी सामील झाली. तिचं सोलो ठरलेलं होतं, ते तिने घेतलं नाही. लाझारोच्या पाठीला हात लावावा तसे मोजके स्वर ती खाली ठेवत गेली.

धून संपली. शेवटचा सूर पुरता विरेपर्यंत रेकॉर्डिंगमध्ये कुणी हलायचं नसतं. कुणी हललं नाही. टाळी वाजली नाही. लाझारोचा हात अजून तारेवर होता. भावाकडे न वळताच तो त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. एकच शब्द होता, उपासनालाही कळला.

“कधी?”

ओस्मेलने तोंड उघडलं. लाल दिवा अजून चालू होता.