मधली भिंत

मुलांनो, समजा, तुमच्या घरी नवं घर घ्यायचं ठरतंय. बिट्टीच्या घरी तेच चाललं होतं. आईबाबा कामावरून सातला येत. तोवर बिट्टी एकटीच असे आणि शाळेतल्या गमती पंख्याला सांगत बसे.

आईला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट हवा होता, बाबांना स्वतंत्र बंगला. "बंगल्यात कुणाची कटकट नाही," बाबा खुशीत म्हणत, "चिटपाखरू फिरकणार नाही!"

रविवारी ते एक रो-हाउसही पाहून आले. तिथे आत शिरताच बाबांनी नाक मुरडलं. "शेजाऱ्यांची आणि आपली भिंत एकच. पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे ऐकू येणार."

"मग नकोच बाई!" आई म्हणाली. "बिट्टे, चल, चपला घाल."

बिट्टी भिंतीला कान लावून उभी होती. पलीकडे एक मुलगी पाढा घोकत होती. "बारा सक बाहत्तर, बारा सत्ते... बारा सत्ते..." तिचं गाडं काही पुढे सरकेना.

"बिट्टे, ऐकतेस ना?" बाबांनी दारातून हाक मारली.

बिट्टीने दोन्ही हात भिंतीवर टेकले, तोंड अगदी जवळ नेलं आणि जीव खाऊन ओरडली, "चौऱ्याऐंशी!"