मेमरी वाढवून मिळेल

नवा लॅपटॉप मिळावा म्हणून वृंदा म्हेत्रेने तीन महिने आयटीवाल्यांचा पिच्छा पुरवला होता. जुन्या यंत्रावर पुलाचं एक ड्रॉइंग उघडेपर्यंत चहा निवायचा. आज अखेर आयटीतला कुलदीप तो घेऊन आला. त्याने खालचं झाकण काढलं आणि मेमरी बसवली. बोटभर लांब, गुलाबी, ओलसर. माणसाच्या मेंदूपासून वाढवलेली मेमरी आता सगळीकडेच असते, पण इतक्या जवळून तिने ती कधी पाहिली नव्हती. खाचेत बसताना ती किंचित आक्रसली. वृंदाने खुर्ची मागे सरकवली.

यंत्र सुरू झालं. तिने नवं ड्रॉइंग उघडलं, तर समासाबाहेर, वरच्या बाजूला, 'श्री' हे अक्षर आपोआप उमटलं.

मार्चमध्ये वारलेले राजवाडेसर साहेबांच्या शिव्या खाऊनही प्रत्येक ड्रॉइंगवर तिथेच 'श्री' लिहायचे. ऑफिसात दुसरं कुणी लिहीत नसे.

"ही मेमरी कुणाची आहे?"

"कंपनीची, मॅडम. नोकरीच्या करारात तसं कलमच आहे. तुम्हीही सही केलीय."

"म्हणजे राजवाडेसर…"

"सवयी राहतात थोड्या. पुसून देतो."

त्याने बटण दाबलं. लॅपटॉप थरथरला आणि तेच अक्षर पुन्हा आलं, या वेळी वाकडं. त्याने पुन्हा दाबलं. नुसती एक रेघ आली, घाईघाईने ओढल्यासारखी. तिसऱ्यांदा पान कोरं राहिलं.

"झालं," कुलदीप म्हणाला. चिकट बोटं त्याने पँटला पुसली आणि तिच्या उघड्या डब्यातली वडी उचलून तोंडात टाकली.